नाणेघाट ते भीमाशंकर : यात्रेची आखणी

यात्रेला निघायचे ठरले की आपल्याकडे दोन प्रश्न आधी विचारले जातात : माणशी किती पडतील आणि दोन दिवसांत किती देव होतील? आम्हीही बरीच वर्षे हेच विचारीत होतो. संघटनेत कामगारांच्या सहली काढण्याचे काम आमच्याकडे असे, आणि बसचे भाडे भागिले माणसे हा हिशेब आम्हाला तोंडपाठ होता. अशाच एका सहलीत कोपरीहून पहाटे निघालेली आमची बस लेण्याद्रीच्या पायथ्याशी पोहोचली. वर जाण्यास सुमारे तीनशे पायऱ्या आहेत. एका सोबत्याची आई सत्तरीच्या पुढची होती. थोड्याच पायऱ्या चढल्यावर तिला धाप लागली. डोली सांगावी तर तेवढा पैसा हिशेबात धरलेला नव्हता. थांबत थांबत चढावे तर पुढचे देव राहणार. 'तुम्ही जाऊन या, मी इथूनच हात जोडते,' असे म्हणून ती माउली चहाच्या टपरीजवळ बसली. आम्ही चाळीस माणसे वर जाऊन दर्शन घेऊन आलो. परतीच्या वाटेवर तो सोबती आमच्याशी एक शब्दही बोलला नाही. पुढे दोन वर्षांनी त्याची आई वारली. तिला लेण्याद्रीला पुन्हा नेण्याचा योग काही आला नाही.

मागणीपत्रक तयार करताना आम्ही सर्वांत कमी पगाराच्या माणसापासून सुरुवात करतो. यात्रा आखताना मात्र आम्ही सर्वांत धडधाकट माणूस डोळ्यांपुढे धरला होता. चूक आमची होती. त्यानंतर आम्ही या डोंगराविषयी मिळेल ते वाचू लागलो. आमचे शिक्षण द्वारसभांत आणि वाचनालयात झालेले, त्यामुळे वाचन सावकाश झाले. पण एक गोष्ट ध्यानात आली. घाटातील ही स्थाने मुळात थकलेल्या माणसाच्या विसाव्यासाठी उभी राहिली आहेत. त्याला खाली बसवून वर जाणे हे त्या स्थानांच्याच हेतूविरुद्ध आहे.

हे कसे, ते पाहू. दोन हजार वर्षांपूर्वी आपले कल्याण हे नामांकित बंदर होते. बंदरात उतरलेला माल बैलांच्या पाठीवर लादून सह्याद्री चढे, आणि नाणेघाटाने जुन्नर व पुढे पैठणपर्यंत जाई. घाट चढून आलेल्या माणसाला दोन गोष्टी हव्या असतात : पाणी आणि सावली. म्हणून घाटाच्या तोंडाशी गुहा खोदल्या गेल्या आणि खडकात पाण्याची टाकी कोरली गेली. प्राचीन लेखांत या टाक्यांना 'पोढी' असा शब्द आहे. पोढीचे दान हे लेण्याच्या दानाइतकेच पुण्याचे मानले जाई.

आणि ही दाने देणारे कोण? राजे होतेच, पण केवळ राजे नव्हते. कान्हेरीच्या लेखांत कल्याणच्या एका लोहाराचे नाव दाता म्हणून आले आहे. जुन्नरच्या लेण्यांत धान्याचे व्यापारी, वेळूचे काम करणारे आणि कासार यांच्या श्रेणींचा उल्लेख येतो. श्रेणी म्हणजे एका धंद्यातील लोकांची संघटना. तिच्यावर लोकांचा विश्वास किती होता, याचे उदाहरण नाशिकच्या पांडवलेण्यांत आहे. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने तेथे एक लेख कोरविला. त्याने विणकरांच्या एका श्रेणीकडे 2000 कार्षापण कायमची ठेव ठेवली. व्याज महिना शेकडा एक. वर्षाचे 240 होतात. त्यातून वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण वस्त्रांसाठी मिळावेत, अशी व्यवस्था होती. हा हिशेब प्रथम वाचला तेव्हा आम्ही कागद-पेन्सिल घेऊन तो करून पाहिला, आणि तो बरोबर जुळला. राजाचा जावई आपली ठेव विणकरांच्या हाती सोपवितो, हे वाचून आम्हाला फार समाधान वाटले. याच उषवदाताने डहाणू, दमण अशा नद्यांवर प्रवाशांसाठी फुकट नावा ठेवल्याचेही तेथे नोंदले आहे.

एवढी माहिती पदरी बांधून आता आपण वाट आखू. आमचा अनुभव असा, की चार दिवस काढावेत आणि जुन्या वाटेच्या क्रमानेच जावे : एका घाटाने चढावे आणि दुसऱ्या घाटाने उतरावे.

पहिला दिवस नाणेघाटाचा. कल्याणहून मुरबाड, टोकावडे या मार्गाने वैशाखरेपर्यंत एस. टी. मिळते. तेथून पुढे घाटाची पायवाट सुरू होते. सवयीच्या माणसास अडीच-तीन तास पुरतात. ज्यांना चढवणार नाही त्यांनी त्याच रस्त्याने माळशेज घाट चढून जुन्नरला जावे आणि तेथून जीपने घाटघरमार्गे नाणेघाटाच्या माथ्यावर यावे. पायी आलेले आणि वाहनाने आलेले गुहेपाशी एकत्र भेटतात. मागे कोणी राहत नाही. गुहेच्या भिंतींवर सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लिपीतील लेख आहे. तो इसवी सनापूर्वी पहिल्या शतकातील मानला जातो. त्यात यज्ञांची आणि दक्षिणेत दिलेल्या गाई, हत्ती, घोडे व नाण्यांची मोजदाद आहे. भारतातील अतिप्राचीन अंकांपैकी काही अंक येथे पाहावयास मिळतात. समोरच्या भिंतीत राजघराण्यातील व्यक्तींच्या मूर्ती होत्या. आज वर कोरलेली नावे आणि खाली पावलांचे अवशेष तेवढे उरले आहेत. माथ्यावर दगडी रांजण आहे. जकात त्यात टाकीत, असे लोक सांगतात.

दुसरा दिवस जुन्नरचा. या एका गावाच्या आसपासच्या डोंगरांत दोनशेंहून अधिक लेणी आहेत. ती सर्व पाहण्याच्या भरीस पडू नये. सकाळी उन्हाआधी लेण्याद्री चढावी. अष्टविनायकांतील गिरिजात्मज ज्या दालनात आहे ते मूळचे बौद्ध विहाराचे दालन आहे. एवढे विस्तीर्ण, पण मध्ये एकही खांब नाही. कडेने भिक्षूंच्या खोल्या. शेजारीच चैत्यगृह आहे. भिक्षूंनी सोडलेल्या जागी पुढे गणपती आला आणि लोकांचे येणे चालू राहिले. दुपारनंतर शिवनेरी करावी. 19 फेब्रुवारी 1630 रोजी शिवाजी महाराजांचा जन्म येथे झाला, हे मुलांना ठाऊक असते. गडावरील शिवाई देवीचे स्थानही त्यांना दाखवावे. ज्यांना गड झेपणार नाही त्यांनी ओझरला कुकडीच्या काठी विघ्नेश्वराच्या देवळात बसावे.

तिसऱ्या दिवशी घोडेगावमार्गे भीमाशंकर गाठावे. ज्योतिर्लिंग म्हणून हे स्थान सर्वांना ठाऊक आहे. देऊळ खोलगट जागी असल्यामुळे जाताना पायऱ्या उतरतात आणि दर्शन घेऊन दमलेल्या माणसाला परतताना त्याच चढाव्या लागतात. वृद्धांसाठी डोलीचा पैसा आधीच बाजूला ठेवावा. देवळापुढे टांगलेली मोठी घंटा पोर्तुगीज आहे. 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली, त्या विजयाची ती खूण. भोवतालचे जंगल 1985 पासून अभयारण्य आहे. आपला राज्यप्राणी शेकरू येथे झाडांच्या शेंड्यांवरून उड्या घेताना दिसतो, पण त्यासाठी गप्प बसावे लागते. कड्यावर उभे राहून एक गोष्ट मुलांना समजावून द्यावी. येथे पूर्वेस पडलेले पाणी भीमा होऊन पंढरपुरास जाते आणि तेथे चंद्रभागा म्हणविते. पश्चिमेस पडलेले पाणी कड्यावरून कोसळून उल्हास नदीच्या खोऱ्यात, म्हणजे आपल्या कल्याण-ठाण्याच्या खाडीकडे येते.

चौथ्या दिवशी गणेश घाटाने पायी खांडसला उतरावे. चार-पाच तासांची वाट आहे. शिडी घाट जवळचा असला तरी अवघड आहे; मुले आणि वयस्क बरोबर असताना त्या वाटेस जाऊ नये. खांडसहून कर्जत, आणि कर्जतहून लोकलने ठाणे. न चालणाऱ्यांनी एस. टी.ने मंचरमार्गे परतावे.

काळ कोणता निवडावा? कार्तिकापासून माघापर्यंतचा. श्रावण आणि महाशिवरात्र या दिवसांत भीमाशंकरी गर्दी लोटते. वृद्धांना घेऊन तेव्हा जाऊ नये. भर पावसात घाटाची हौस करणाऱ्यांना आम्ही माळीणची आठवण देतो. 30 जुलै 2014 च्या सकाळी आंबेगाव तालुक्यातील या गावावर डोंगर कोसळला आणि 151 माणसे गाडली गेली. ते गाव याच भीमाशंकरच्या परिसरातले. जो डोंगर तेथे जन्मलेल्यांना ओळखता आला नाही, तो आपल्याला दोन दिवसांत ओळखता येईल असे मानू नये. चैत्र-वैशाखात उलट पाण्याची ओढ असते. वाटेवरचे झरे आटलेले असतात.

शेवटी पैशाचा विचार. एस. टी.ने 2022 मध्ये 75 वर्षांवरील वृद्धांना मोफत प्रवास आणि 2023 मध्ये स्त्रियांना अर्धे भाडे ही सवलत सुरू केली; निघण्यापूर्वी आगारात चालू नियम विचारून घ्यावेत. पण वाचलेला पैसा खिशात परत घालू नये. तो डोलीवाल्याचा, वाटाड्याचा आणि ज्या घरी भाकरी खाल त्या घराचा आहे. डोंगरातील बहुतेक वाड्या महादेव कोळी आणि इतर आदिवासींच्या आहेत. वाटाड्याचा दर आम्हीच एकदा घासाघीस करून पाडला होता. रात्री झोपताना आठवले, की अशी घासाघीस करणाऱ्या मालकांशी भांडण्यात आमची उमर गेली. दुसऱ्या दिवशी ठरलेल्याहून अधिक पैसे दिले; पण आदल्या दिवसाची लाज गेली नाही.

म्हणून आमचे सांगणे एवढेच. यात्रेची यादी करताना देवांची नावे नंतर लिहावीत. आधी बरोबर येणाऱ्या माणसांची लिहावीत आणि प्रत्येकाच्या नावापुढे त्याला किती चालवते ते लिहावे. ज्याचा आकडा सर्वांत कमी, त्याच्या चालीने मुक्काम पाडावेत. असे केल्याने चार देव कमी होतील, हे आम्हाला मान्य आहे. जे होतील ते सर्वांना मिळून होतील.

तो सोबती आजही आमच्याबरोबर सहलींना येतो. आता आखणी करताना वहीत पहिली ओळ तोच लिहितो आणि वाटेवर सर्वांत मागे चालतो. कोणी दमून बसला, की तोही शेजारी बसतो.