पेशीतील चार अक्षरांचा बिल्ला

आपल्या मॉरिशस बेटावर मधुमेहाचे नाव न ऐकलेले घर सापडणे कठीण. येथे पाच प्रौढ माणसांमागे सुमारे एकाला हा विकार आहे, आणि 'इन्शुलिन' हा शब्द आजीपासून नातवापर्यंत सर्वांच्या तोंडी बसला आहे. पण हे इन्शुलिन शरीरात घडते कोठे, याचा विचार आपण क्वचितच करतो. तेव्हा वाचकहो, आज आम्ही आपल्याला स्वादुपिंडातील एका पेशीच्या आत घेऊन जाणार आहोत.

आपल्या बहुतेक पेशींच्या आत पातळ पडद्यांच्या नळ्यांचे आणि पिशव्यांचे एक जाळे पसरलेले असते. त्याला आंतर्द्रव्यजालिका म्हणतात. आपण सोयीसाठी नुसते 'जालिका' म्हणू. सन १९४५ मध्ये कीथ पोर्टर व त्यांच्या सहकाऱ्यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून ते प्रथम पाहिले. पेशीबाहेर जाणारी बहुतेक प्रथिने याच जाळ्यात घडतात. येथे त्यांची योग्य घडी बसते, आणि मग ती बारीक फुग्यांत भरून पुढच्या ठाण्यावर, म्हणजे गॉल्गी पिंडाकडे, रवाना होतात. तेथून त्यांना बाहेरची वाट मिळते.

साखर कारखान्याचेच उदाहरण घ्या. साखर लॉरीत भरून बंदराकडे जायची असते, पण ती करणारे कामगार मात्र कारखान्यातच राहिले पाहिजेत. जालिकेतही असे कामगार आहेत. 'बिप' नावाचे प्रथिन नव्या प्रथिनांना घडी बसेपर्यंत सांभाळते. दुसरे एक प्रथिन त्यांच्यातील गंधकाचे टाके जुळवते. हे कामगार मालाबरोबर एकाच द्रवात तरंगत असतात. मग फुगा भरताना तेही आत ओढले जाऊन बाहेर का वाहून जात नाहीत?

याचे उत्तर सन १९८७ मध्ये केंब्रिज येथे शॉन मन्रो आणि ह्यू पेलहॅम यांनी दिले. या कामगार प्रथिनांच्या शेपटाशी चार अमिनो आम्ले ठरावीक क्रमाने येतात: लायसिन, अ‍ॅस्पार्टिक आम्ल, ग्लुटामिक आम्ल आणि ल्युसिन. शास्त्रज्ञांच्या लघुलिपीत हीच चार अक्षरे म्हणजे 'केडीईएल'. या दोघांनी बिपचे हे शेपूट कापले, तेव्हा बिप पेशीबाहेर जाऊ लागले. उलट, एरवी बाहेर जाणाऱ्या लायसोझाइम या प्रथिनाला तेच शेपूट जोडले, तर ते आत राहिले. म्हणजे ही चार अक्षरे हाच कामगाराचा बिल्ला.

पण हा बिल्ला दारावर अडवतो असे कोणी समजू नये. पुढच्याच वर्षी पेलहॅम यांनी एका प्रथिनाला हे शेपूट लावून पाहिले. ते प्रथिन जालिकेत सापडले खरे, परंतु त्याच्यावर पुढच्या ठाण्यावरच्या कामाची खूण उमटलेली होती. म्हणजे ते बाहेर पडून परत आलेले होते! कामगार चुकून लॉरीत चढतो, पण पुढच्या नाक्यावर बिल्ला पाहून त्याला माघारी पाठवले जाते.

नाक्यावरचा हा पहारेकरी म्हणजे पडद्यात बसलेले एक ग्राही प्रथिन. त्याचा शोध सन १९९० मध्ये यीस्टमध्ये आणि माणसातही लागला. त्याला ओळखपाळख कशी कळते? तर आम्लतेवरून. गॉल्गी पिंडातील द्रव किंचित आंबट असतो. तेथे ग्राही बिल्ला घट्ट पकडतो आणि परतीच्या फुग्यात बसतो. जालिकेत आंबटपणा कमी, म्हणून तेथे पकड सुटते. कामगार कामाला लागतो आणि पहारेकरी पुन्हा नाक्यावर जातो.

ही झाली परत आणण्याची व्यवस्था. जालिकेत दुसरीही एक शिस्त आहे: ज्या मालाची घडी चुकली, तो बाहेर सोडायचा नाही. ही शिस्त बहुधा हिताची असते, पण कधी ती फारच कडक ठरते. युरोपीय वंशात अधिक आढळणाऱ्या सिस्टिक फायब्रोसिस या फुप्फुसांच्या आनुवंशिक रोगात १४८० अमिनो आम्लांच्या प्रथिनातून बहुधा एकच गळालेले असते. ते पृष्ठभागावर पोहोचले तर थोडेफार काम करू शकते, परंतु जालिका त्याला अडवते आणि पेशी ते मोडून टाकते. सन २०१९ मध्ये अमेरिकेत मान्य झालेले तीन औषधांचे मिश्रण त्याची घडी सावरून त्याला पुढे जाऊ देते. पेशीतले बारकावे कळले म्हणूनच हे साधले.

आता पुन्हा इन्शुलिनकडे वळू. त्याचे कच्चे रूप जालिकेतच घडते, आणि त्याचे गंधकाचे तीन टाके तेथेच बसतात. टाके जुळवणाऱ्या त्या कामगाराच्या शेपटालाही केडीईएल हाच बिल्ला आहे. इन्शुलिनच्या जनुकातील काही दोषांमुळे घडी बिघडते, माल जालिकेत तुंबतो, पेशी खचतात आणि तान्ह्या बाळालाही मधुमेह होतो. असे बाळ विरळा. आपल्या घरोघरच्या मधुमेहाची कारणे अनेक आहेत. पण वजन वाढले आणि शरीर इन्शुलिनला दाद देईनासे झाले, की या पेशींकडे मागणी वाढते आणि जालिकेवर ताण येतो, हे त्यांतले एक.

म्हणून डॉक्टर गोड कमी करा, रोज चाला, वजन आवरा असे सांगतात, तेव्हा ती नुसती शिस्तीची भाषा समजू नये. औषधे वेळेवर घेत हे पथ्य सांभाळले, तर रात्रंदिवस राबणाऱ्या या कामगारांवरचा भार हलका होतो. आई-वडिलांपैकी कोणाला मधुमेह असेल, तर मुलांनी त्रास होण्याची वाट न पाहता रक्त तपासून घ्यावे, असे आम्ही आग्रहाने सांगू इच्छितो.