खारफुटीचे मोल आणि वालधुनीचे पाणी

खारफुटीचे सर्वांत मोठे उत्पन्न तिच्या मुळांशी, चिखलात वाढते. भरतीबरोबर खाडीत शिरलेली कोलंबी, बोय आणि जिताड्याची पिल्ले तिवर-कांदळाच्या मुळांत आसरा घेतात. गळालेला पाला कुजतो आणि त्यावर त्यांचे अन्न पोसले जाते. मोठी झालेली मासळी पुढे खोल पाण्यात जाते. त्यामुळे झाडाची बरीचशी कमाई बंदरावरच्या लिलावात दिसते, पण झाडाच्या खात्यावर ती कुणी मांडत नाही.

चिंबोरीच्या बाबतीत हा हिशेब डोळ्यांसमोर राहतो. ओहोटीला खाडीत उतरलेला माणूस मुळांखालची बिळे हेरतो, लोखंडी आकडी आत सारून चिंबोरी बाहेर ओढतो आणि चावायच्या आत तिच्या नांग्या सुतळीने बांधतो. भरलेल्या चिंबोरीला चांगला दर मिळतो. नुकतीच कात टाकलेली पोकळ असते, तिला गिऱ्हाईक नसते. अशा पोकळ चिंबोऱ्या काही आठवडे हलकी मासळी घालून पोसल्या, की त्याच भरलेल्या म्हणून विकता येतात.

खेकडापालनाचा व्यवसाय मुख्यतः यावरच उभा आहे. राज्य सरकारने 2017 मध्ये कांदळवन संरक्षण व उपजीविका निर्माण योजना आणली. तिच्यातून बचत गटांना खेकडे, कालवे, शिणाणे आणि पिंजऱ्यातील जिताडा यांच्या पालनासाठी मदत मिळते. वेंगुर्ल्यात स्वामिनी महिला बचत गटाच्या स्त्रिया मांडवी खाडीत पर्यटकांना होडीतून कांदळवन दाखवतात. झाड उभे राहिले तरच या घरांत पैसा येतो, आणि संरक्षणाची याहून भक्कम हमी दुसरी नाही.

दुसरे मोल टळलेल्या नुकसानीचे. 1999 च्या महाचक्रीवादळानंतर ओडिशातील भितरकनिका परिसरातील तीन गावांचा अभ्यास झाला. खारफुटीच्या आडोशाच्या गावात दर घरामागे सरासरी 33 डॉलरचे नुकसान झाले होते. खारफुटी नसलेल्या, पण बांध घातलेल्या गावात ते 154 डॉलर होते. बांध फुटून आत शिरलेले खारे पाणी शेतात साचून राहिले, हे त्याचे एक कारण. रायगडच्या खारेपाटातील शेतकऱ्याला हे वेगळे सांगायला नको. उधाणाने खारबांध फुटला, की भातशेती नापीक होते. बांधासमोर तिवरांची रांग असेल, तर लाटेचा जोर आधीच ओसरतो.

कायद्याने हे मोल उशिरा ओळखले. मुंबई उच्च न्यायालयाने 2005 मध्ये खारफुटीची तोड आणि तिच्यावरील भराव रोखला. 2012 मध्ये वनविभागाचा स्वतंत्र कांदळवन कक्ष झाला. 2018 मध्ये न्यायालयाने खारफुटी नष्ट करणे हा जगण्याच्या मूलभूत हक्काचा भंग ठरवला. भारतीय वन सर्वेक्षणाच्या 2021 च्या अहवालात राज्यातील खारफुटी 324 चौरस किलोमीटर नोंदवली आहे.

मात्र या कायद्यांचा रोख कुऱ्हाडीवर आणि भरावावर आहे. वसईच्या खाडीत येणारे पाणी कुठून येते, हे पाहायचे तर अंबरनाथपर्यंत वर जावे लागते. तिथली मोरिवलीची औद्योगिक वसाहत किनाऱ्यापासून दूर, वालधुनी नदीच्या खोऱ्यात आहे. वालधुनी अंबरनाथ-उल्हासनगरातले सांडपाणी आणि कारखान्यांची रसायने घेऊन कल्याणजवळ उल्हास नदीला मिळते. पुढे हे पाणी खाडीच्या खारफुटीतून वसईकडे जाते. नोव्हेंबर 2014 मध्ये वालधुनीत सोडलेल्या रसायनांच्या वायूने उल्हासनगरात शेकडो रहिवाशांना रुग्णालय गाठावे लागले होते.

तिवराचे झाड चिवट असते, घाण पाण्यातही ते तग धरते. पण प्राणवायू कमी झालेल्या पाण्यात कोलंबी आणि जिताड्याची पिल्ले तगत नाहीत. उपग्रहाच्या चित्रात जंगल हिरवेच दिसते आणि कोळ्या-आगऱ्यांचे जाळे मात्र रिकामे येते. हे नुकसान भरून काढण्याची जागा खाडीत नाही, वालधुनीच्या वरच्या अंगाला आहे. मोरिवलीसह सर्व वसाहतींचे सांडपाणी नदीत पडण्याआधी पूर्ण शुद्ध झाले पाहिजे, आणि त्याचा खर्च सांडपाणी सोडणाऱ्यांनीच उचलला पाहिजे. आज तो खाडीकाठची मासेमार कुटुंबे भरत आहेत.