आसनाला जोड वाचन-मननाची

बाळापूरचा किल्ला मन आणि म्हैस या दोन नद्यांच्या संगमावर उभा आहे. एका नदीचे नावच मन! पावसाळ्यात दुथडी भरून वाहायचे आणि उन्हाळ्यात रोडावायचे, हा तिचा क्रम. आपल्या योगाभ्यासाचेही पुष्कळदा असेच होते. २०१५ पासून दरवर्षी २१ जूनला योगदिन साजरा होतो. शाळेच्या पटांगणात सतरंज्या पडतात, हौसेने आसने होतात. पुढे डवरणी-निंदणाची घाई सुरू झाली की सतरंजी घडी घालून ठेवली जाते, ती पुढच्या जूनपर्यंत.

असे का होते? वेळ नसतो हे खरे. पण तेवढेच कारण नाही. आपण काय करतो आणि कशासाठी करतो, हे उमगलेले नसते. न समजता केलेली गोष्ट चार दिवसांत कंटाळवाणी होते.

पतंजलींच्या योगसूत्रांत यावर उपाय सांगितला आहे. सूत्रे दोनशेच्याही आत, पण त्यांत तप आणि स्वाध्याय यांना शेजारी-शेजारी बसवले आहे. तप म्हणजे नेमाने केलेले कष्ट. स्वाध्याय म्हणजे चांगल्या ग्रंथाचे वाचन आणि त्या उजेडात स्वतःकडे पाहणे. तपाला शेतकरी घाबरत नाही. कमी पडतो तो स्वाध्याय.

या बाबतीत आपल्या शेजारच्या खानदेशातले उदाहरण पाहा. अमळनेरच्या राष्ट्रीय महाविद्यालयाचे प्राचार्य राहिलेले जगन्नाथ गणेश गुणे पुढे स्वामी कुवलयानंद म्हणून प्रसिद्ध झाले. गुरूंकडून शिकलेल्या क्रियांवर त्यांची श्रद्धा होती. तरी या क्रियांनी शरीरात नेमके काय घडते, हा प्रश्न त्यांनी सोडला नाही. बडोद्याच्या दवाखान्यात त्यांनी उड्डियान आणि नौली या क्रिया क्ष-किरणांच्या साहाय्याने तपासून पाहिल्या. १९२४ साली लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापन केले आणि 'योगमीमांसा' हे त्रैमासिक सुरू केले. रोजचा अभ्यासही चालू आणि शोधही चालू, असा त्यांचा रिवाज होता.

आपल्याला क्ष-किरणांची गरज नाही. पोथी बहुतेक घरी आहेच. ज्ञानेश्वरीचा सहावा अध्याय योगाभ्यासाचाच आहे. बसावे कुठे, कसे, खाणे-झोपणे किती, हे सारे त्यात आले आहे. मन फार चंचल आहे, ही अर्जुनाची तक्रारही तिथेच आहे. तिला उत्तर मिळते अभ्यास आणि वैराग्याचे; पतंजलीही हीच दोन नावे घेतात. पारायणाच्या वेगाने हा अध्याय वाचू नका. रोज पाचच ओव्या घ्या, अर्थ लावा, घरात बोला. ज्यांच्या घरी धम्मपद, कुराण किंवा दुसरा ग्रंथ आहे, त्यांनी तो घ्यावा. स्वाध्यायाला धर्माची आडकाठी नाही.

दुसरे साधन म्हणजे वही. कापूस वेचणीचा हिशेब आपण लिहितो, तसाच हा. रात्री तीन गोष्टी लिहाव्या: आज आसन करताना श्वास कुठे अडकला? वाचलेले दिवसभरात कधी आठवले? राग किंवा काळजी कशाने आली? दोन ओळी पुरेत. महिन्याने मागची पाने चाळली की आपला स्वभाव आपल्यालाच दिसू लागतो. ज्यांना लिहिणे जमत नाही, त्यांनी दिवा मालवण्यापूर्वी हे मनाशी म्हणावे किंवा नातवाकडून लिहून घ्यावे.

काही जण म्हणतील, "आम्ही दिवसभर राबतो, योग कशाला?" पण निंदताना, वेचताना कंबर तासन्‌तास एकाच बाजूला वाकते. तिला उलट ताण देणारे भुजंगासन कष्टापेक्षा वेगळे काम करते. घरातल्या मायबहिणींना तर याची गरज अधिक. मात्र रक्तदाब, हृदयविकार, पाठीचे दुखणे असेल किंवा बाई गरोदर असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा आणि जाणत्या शिक्षकासमोरच शिका. पुस्तकात चित्र पाहून शीर्षासन करू नये.

खरी कसोटी मनाची आहे. पाऊस लांबतो, बोंडअळी येते, भाव पडतो. योगाने कर्ज फिटत नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. पण ज्याने रोज पाच मिनिटे मनाकडे पाहण्याची सवय लावली, त्याला मन खचू लागल्याचे लवकर कळते; आणि वेळेवर कळले, तर घरच्यांशी बोलता येते. झोप बरेच दिवस उडाली असेल, जगणे नकोसे वाटत असेल, तर नुसत्या प्राणायामावर विसंबू नका. त्याच दिवशी जवळच्या माणसाला सांगा आणि दवाखाना गाठा.

म्हणून आसने पाचच असोत, वीस मिनिटेच असोत, पण सोबत पोथीचे पान आणि वहीच्या दोन ओळी असू द्या. घाईच्या दिवसांत आसने कमी झाली तरी चालतील. पान आणि वही चुकवू नका. हंगाम ओसरल्यावर सतरंजी पुन्हा अंथरायला त्याच कामी येतील.