हवेचा कॉम्प्रेसर घरी घ्यावा का?



गावात कॉम्प्रेसर म्हटले की कुणाला बोअरचे पाणी वर फेकणारा कॉम्प्रेसर आठवतो, कुणाला फाट्यावरचे पंक्चरचे दुकान. मी सांगतो आहे तो घरगुती, लहान. एक-दोन अश्वशक्तीची मोटर, २५ किंवा ५० लिटरची टाकी, खाली चाके. घरच्या सिंगल फेजवर चालतो. टाकी भरलेली असली की वीज गेल्यावरही मोटारसायकलपुरती हवा मिळते.

ज्याच्या दारात ट्रॅक्टर आहे त्याला याचा खरा उपयोग. ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांत शेतकामाला साधारण १२ ते १६ पौंड हवा पुरते. ट्रॉली ओढायची तर जास्त लागते. नेमका आकडा आपल्या ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत असतो. पण होते काय, की एकदा भरलेली हवा वर्षभर तशीच राहते. रस्त्याची हवा घेऊन नांगरटीला गेलात तर चाक घसरते, डिझेल जळते आणि जमीन दबते. शेताची हवा घेऊन उसाची ट्रॉली ओढलीत तर टायरची बाजू चिरते. हवा कमी करायला काही लागत नाही, पण पुन्हा भरायला फाटा गाठावा लागतो, म्हणून कुणी कमीच करत नाही. कॉम्प्रेसर आणि चांगला गेज घरी असेल तर हे काम सकाळच्या चहाआधी होते.

दुसरा उपयोग धुळीचा. सोयाबीनची मळणी झाली की रेडिएटरच्या जाळीत भुसा बसतो व इंजिन तापते. इंजिन बंद करून, निवल्यावर, पंख्याच्या बाजूने पुढे हवा मारा. एअर क्लीनर कागदी असेल तर आतून बाहेर, ३० पौंडांच्या आत. तेलाचा असेल तर हवेचे काम नाही, जाळी डिझेलने धुवा.

फवारणी पंपाचे नोझल तुंबले की आपण ते तोंडात धरून फुंकतो. ही सवय आजच सोडा. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी, शेतमजूर दगावले, हे आपण विसरलेलो नाही. नोझल आधी पाण्यात धुवावे, मग उलट बाजूने हवा द्यावी. हातमोजे, चष्मा हवाच. तारेने टोकरू नका. भोक मोठे होते आणि औषध वाया जाते.

आता धोक्याचे. मळणीवरून आलेली मुले अंगावरची धूळ याच नळीने झटकतात. तसे करू देऊ नका. डोळा जाऊ शकतो, कानाचा पडदा फाटतो. गमतीने कुणाच्या मागे नळी लावल्यामुळे आतडी फाटून माणसे गेल्याच्या बातम्या आपण वर्तमानपत्रात वाचल्या आहेत. कपड्यांवरूनही हवा आत शिरते. काम झाले की नळी काढून कुलपात ठेवावी, हे घरातल्या बाईमाणसांनाही सांगून ठेवा, कारण दुपारी मुलांवर लक्ष त्यांचेच असते.

हवेबरोबर टाकीत पाणी साठते व पत्रा आतून गंजतो. बाहेरून रंग चकचकीत, आत चाळण! म्हणून वापर झाला की टाकीखालचा नळ उघडून पाणी काढावे. गंजलेल्या टाकीला वेल्डिंग करून वापरणे म्हणजे घरात बाँब ठेवणे. जुन्या फ्रिजचा कॉम्प्रेसर आणि गॅसची टाकी जोडून केलेली खटपटही नको, कितीही स्वस्त पडली तरी.

एक बैलजोडी आणि एक सायकल एवढाच पसारा असेल तर यात पैसे घालू नका, हातपंप पुरे. चार घरांनी किंवा बचत गटाने मिळून एक घेतला तर मात्र परवडतो. त्यात तेल पाहणे व पाणी काढणे हे काम एकाच माणसाकडे द्यावे, सगळ्यांकडे दिलेले कुणीच करत नाही. घेताना दुकानातच टाकी पूर्ण भरायला लावा, मोटर आपोआप बंद होते का ते पाहा, आणि सेफ्टी व्हॉल्व्हची कडी ओढून हवा सुटते का तेही दुकानदाराकडून करवून घ्या.