मुठीतल्या मुंग्या

निजामपूरच्या अलीकडे चहाच्या टपरीवर बाइक लावली आणि हेल्मेटचा पट्टा सुटेना. पट्टा बरोबर होता, माझ्या बोटांनाच तो जाणवत नव्हता. शेवटी टपरीवरच्या काकूंनी तो काढून दिला आणि वर विचारलं, ‘गारठलीस का गं?’ मे महिना होता!

ग्रुपमधल्या पोरांचं निदान तयारच होतं. पहिली लाँग राइड, नाजूक हात, होईल सवय. मीही हसले. पण खरं सांगू? ताम्हिणी उतरताना बोटं ब्रेकवर आहेत की नाहीत, हे मी दोनदा खाली बघून तपासलं होतं. त्या वळणांवर खाली बघणं म्हणजे काय, हे तिथे गेलेल्यांना सांगायला नको.

म्हणून घरी आल्यावर जरा खोदकाम केलं. आपल्या मनगटात एक अरुंद बोगदा असतो. त्यातून जाणारी मीडियन नर्व्ह अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची अर्धी बाजू सांभाळते. करंगळी आणि उरलेली अनामिका अल्नर नर्व्हकडे. त्यामुळे नुसतं ‘हात बधिर झाला’ म्हणू नका, नेमकी कुठली बोटं झोपली ते लक्षात ठेवा. डॉक्टर पहिलं तेच विचारतात. मनगट वाकडं, मूठ घट्ट आणि त्यात इंजिनची थरथर, या तिन्हींत नस दाबली जाते. बोटांना जाणवेना की आपण हँडल आणखी आवळतो, मग आणखी कमी जाणवतं. हायवेवर उजवा हात जास्त छळतो, कारण थ्रॉटल सतत पिळून धरावा लागतो. शहरातल्या ट्रॅफिकमध्ये क्लच दाबून दाबून डाव्याचा नंबर लागतो.

बाइक माझ्या दादाची, सिंगल सिलिंडर. गल्लीतल्या गॅरेजवाल्या काकांनी ती बघितली आणि पहिला प्रश्न टाकला, ‘हँडलच्या टोकाची वजनं कुठे गेली?’ दादाने ती काढून तिथे गोल आरसे लावले होते. स्टाइल! ती वजनं शोभेची नसतात हो. टोकाला भार असला की हँडलची थरथर कमी होते. आरसे उतरले, दादाचा चेहराही उतरला.

मग काकांनी मला बाइकवर बसवून बोटं लिव्हरवर ठेवायला लावली. कोपरापासून बोटांपर्यंत हात एका रेषेत हवा. माझं मनगट वर मुडपलेलं होतं, कारण लिव्हर दादाच्या उंचीला बसवलेले. बोल्ट सैल केले, लिव्हर थोडे खाली फिरवले, क्लचच्या केबलला तेल दिलं. सगळं मिळून पाव तास. महागडे जेल ग्लव्ह्ज घ्यायला निघाले होते, ते पैसे वाचले. (ग्लव्ह्ज हवेतच, पण मनगटावर करकचून आवळलेले नकोत.)

बाकीचं काम आपलं. गुडघ्यांनी टाकी धरा, म्हणजे अंगाचा भार हातांवर येत नाही. कोपर थोडं वाकलेलं, मूठ सैल. आणि तासाभराने थांबा, रील काढायला थांबतोच ना आपण.

माझं हे दुखणं एखाद्या रविवारचं. आमच्या सोसायटीत पार्सल घेऊन येणारा मुलगा मात्र लिफ्टमधून हात झटकतच बाहेर पडतो. त्याला विचारलं, तर म्हणाला, ‘रात्रीपण मुंग्यांनी जाग येते, हात झटकून परत झोपतो. शर्टाचं बटण लावायला वेळ लागतो.’ जपानमध्ये मोटारसायकलवरून टपाल वाटणाऱ्या पोस्टमनच्या हातांवर संशोधकांनी अभ्यास केलाय, इतकी ही तक्रार या कामाला चिकटलेली आहे. रात्री जाग येणं, वस्तू हातातून सुटणं, अंगठ्याच्या बुडाचं मांस कमी दिसणं, यातलं काही असेल तर लिव्हर फिरवून भागत नाही. ऑर्थोपेडिक किंवा न्यूरो डॉक्टर गाठायचा. नस फार काळ दाबलेली राहिली, तर गेलेली ताकद पूर्ण परत येईलच असं नसतं.

हे सगळं त्याला सांगितलं. ‘दवाखान्यात गेलो तर दिवसाचा इन्सेंटिव्ह जातो ताई,’ तो म्हणाला. मंगळवारी दुपारी ऑर्डर कमी असतात. तेवढ्यात गॅरेजही होईल आणि ओपीडीही, असं ठरलंय. काकांना मी सांगून ठेवलंय.