हिंवाळ्यांत परसांतील कोंबड्यांची निगा

मार्गशीर्ष लागून थंडीचा कडाका वाढला कीं निफाडकडील द्राक्षबागाईतदार पहांटे उठून बागेंत शेकोट्या पेटवितात. त्या तालुक्यांत कांहीं वर्षीं पारा ५ अंशांच्याही खालीं उतरतो, व मालाच्या काळजीनें घरांतील कोणासही झोंप येत नाहीं. त्याच घराच्या परसांतील दहा-बारा कोंबड्यांची विचारपूस मात्र क्वचितच होते. आणि जो ती करतो तो पुष्कळदां चुकीच्या रीतीनें करतो. ही दुसरी गोष्ट मीं स्वतःच्या हातानें करून पाहिली आहे, म्हणून हा लेखनप्रपंच.

आमच्या सूनबाईनें अकरा कोंबड्या पाळल्या होत्या. अंड्यांचे पैसे तिचे स्वतःचे असत, व मुलांच्या वह्या-पुस्तकांचा खर्च त्यांतून निघे. पौषांतील एके रात्रीं गारठा फार पडला, तेव्हां मीं खुराड्याच्या सर्व फटी गोणपाटानें बुजविल्या आणि आंत कोळशांची शेगडी ठेविली. सकाळीं दार उघडून पाहतों तों सात कोंबड्या मरून पडलेल्या. सूनबाई एक शब्दही बोलली नाहीं, व तें न बोलणेंच मला अधिक लागलें. त्या थंडीनें मेल्या नव्हत्या. कोंडलेल्या जागेंत कोळसा जळतांना जो विषारी वायु उत्पन्न होतो, त्यास रंग नाहीं व वासही नाहीं. बंद खोलींत शेगडी ठेवून निजणारीं माणसेंही त्यानेंच दगावतात. सबब खुराड्यांत विस्तव कधींही ठेवूं नये.

वास्तविक कोंबडीच्या शरीराची उष्णता सुमारें ४१ अंश, म्हणजे आपल्याहून चार अंश अधिक असते. पिसें फुलवून ती त्यांत हवा धरून ठेवते. हीच तिची गोधडी होय. ही गोधडी कोरडी आहे तोंपर्यंत निरोगी व पूर्ण वाढलेल्या कोंबडीस आपल्या इकडील थंडी सोसते. तिचे खरे शत्रु तीन: ओल, अंगावर येणारा वाऱ्याचा झोत व कोंडलेली हवा. ताज्या विष्ठेंत सुमारें तीन-चतुर्थांश पाणीच असतें. श्वासांतील वाफ व ही ओल यांस वाट न मिळाल्यास छपराच्या पत्र्यास आंतून पाणी सुटून तें पक्ष्यांवर ठिबकतें. शिवाय विष्ठेंतून निघणारा अमोनिया वायु डोळ्यांस व श्वासनलिकेस इजा करतो, आणि मग सर्दी व घरघर लागते.

यास्तव खुराड्याचें तोंड दक्षिणेस किंवा आग्नेयेस करावें, म्हणजे सकाळचें ऊन आंत येतें. वारा ज्या बाजूनें येतो ती बाजू जमिनीपासून बसावयाच्या दांडीच्या वर एक वीतपर्यंत गोणपाटानें झांकावी. परंतु छपराखालीं चार बोटें फट अवश्य मोकळी ठेवावी. तींतून मुंगूस शिरूं नये म्हणून बारीक जाळी मारावी. दांडी सुमारें दोन इंच रुंद व कडा तासलेली असावी, म्हणजे कोंबडी बसली असतां पोटाच्या पिसांखालीं तिचे पाय झांकले जातात. खालीं भाताचें तूस चार बोटें जाड पसरावें. पहांटे दार उघडतांच वास नाकास झोंबला तर फट अपुरी आहे असें समजावें. मूठभर तूस दाबून त्याचा गोळा झाला तर तें बदलावें.

थंडींत कोंबडीस चारा अधिक लागतो. सायंकाळीं मका किंवा बाजरी मूठ मूठ टाकावी. तिच्या पचनानें रात्रभर ऊब राहते. सकाळीं पाणी कोमट द्यावें. अंडीं कमी झालीं म्हणून घाबरूं नये. डिसेंबरांत आपल्याकडे दिवस सुमारें ११ तासांचा असतो, आणि भर अंड्यांसाठीं कोंबडीस सुमारें १४ तास उजेड लागतो. शिवाय पिसें झडून नवीं येत असतांना ती अंडीं देण्याचें थांबते.

पिलांची गोष्ट निराळी. त्यांस पहिल्या आठवड्यांत सुमारें ३५ अंश ऊब लागते. पुढें दर आठवड्यास ती तीन अंशांनीं उतरवावी. खुडूक कोंबडी नसल्यास विजेचा दिवा टांगावा. पिलें दिव्याखालीं गर्दी करतील तर ऊब कमी आहे, दूर पळतील तर अधिक आहे.

मानमोडीची लस पशुवैद्याच्या सल्ल्यानें वेळेवर टोंचून घ्यावी. नांदूर-मध्यमेश्वरासारख्या जलाशयांवर हिंवाळ्यांत परदेशचीं बदकें उतरतात. तेथें कोंबड्या चरावयास सोडूं नयेत. २००६ सालीं नवापूर येथें पक्ष्यांच्या इन्फ्लुएंझानें केवढी हानि झाली हें वाचकांस स्मरत असेलच. एकाएकीं अनेक पक्षी मेल्यास मेलेले पक्षी उघड्यावर न फेंकतां पशुवैद्यकीय दवाखान्यांत वर्दी द्यावी.

उरलेल्या चार कोंबड्यांवरून आमच्या घरीं पुन्हां कळप उभा राहिला आहे. थंडी पडली कीं गोणपाट आतां सूनबाई स्वतः बांधते, आणि वरची फट मोकळी आहे कीं नाहीं हें मी हात घालून पाहतों. आपल्या कोंबड्यांसाठीं वाचकांनींही रोज सायंकाळीं एवढें तरी अवश्य करावें.