दारातला माणूस

१७ डिसेंबर २०१७ रोजी बंगळुरूजवळच्या येलहंका तळावर हवाई दलाने एमआय-८ हेलिकॉप्टरला निरोप दिला. १९७१ पासून १९८८ पर्यंत सोव्हिएत संघातून अशी १०७ यंत्रं आपल्याकडे आली होती. अशा निरोपाच्या वेळी सियाचीनची आठवण निघते, श्रीलंकेतल्या शांतिसेनेची निघते, जाफना विद्यापीठाच्या मैदानावर गोळीबारात उतरलेल्या त्या रात्रीची तर हमखास निघते. पूर, भूकंप, चक्रीवादळ हे सगळं मात्र ‘आपत्तीतही मोलाची कामगिरी’ एवढ्यावर भागवलं जातं. हा लेख त्या एवढ्याशा उल्लेखाबद्दल आहे.

आमच्या बुलढाणा जिल्ह्यात हेलिकॉप्टर म्हणजे निवडणूक. मोकळ्या वावरात चुन्याने एच काढायचा, पोलिसांनी दोरी धरायची, पोरांनी धूळ खायची. पण या जिल्ह्याला दोन मजले आहेत. घाटावर बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार; घाटाखाली पूर्णेचं खोरं आणि सातपुड्याच्या पायथ्याचे जळगाव जामोद, संग्रामपूर. २२ जुलै २०२३ ला सातपुड्यातून उतरणाऱ्या नदी-नाल्यांनी या दोन तालुक्यांची दैना केली. त्याच दिवशी यवतमाळच्या महागाव तालुक्यात तांड्यावर अडकलेल्या लोकांसाठी हवाई दलाची हेलिकॉप्टर मागवावी लागली. अशी मदत नागपूरहून निघाली तर जळगाव जामोदपर्यंतचं अंतर आकाशातूनही अडीचशे किलोमीटरच्या वर आहे. एमआय-८ च्या ताशी दोनशे-सव्वादोनशेच्या वेगाने पोचायलाच सव्वा तास. त्यानंतर पाण्यावर घिरट्या, उचलाउचल आणि परतीचं इंधन. म्हणून मदतकार्यातले वैमानिक आठवणी सांगायला बसले की शौर्याआधी हिशेब येतो. टाकीत किती, पोटात किती माणसं, बाहेर ऊन किती.

ऊन हा त्यातला मोठा आकडा. हवा तापली की विरळ होते, पात्यांना धरायला कमी मिळते, इंजिनाचा दमही कमी पडतो. एमआय-८ ला दीड-दीड हजार अश्वशक्तीची दोन इंजिनं होती, एकवीस मीटर व्यासाचं पाच पात्यांचं चक्र होतं, चोवीस जणांची जागा होती आणि चार टन ओझं पेलायची क्षमता कागदावर होती. समुद्रसपाटीला, थंडीत, हे सगळं खरं. डोंगरात किंवा तापलेल्या पठारावर तेच यंत्र निम्म्या ओझ्यालाही कुरकुरायचं. पुढे जास्त ताकदीची इंजिनं बसवून एमआय-१७ आलं ते यासाठीच. दोघं दिसायला सख्खे भाऊ. शेपटीचा पंखा उजवीकडे असेल तर ८, डावीकडे असेल तर १७, ही खूण हवाई दलातला शिकाऊसुद्धा सांगेल.

आता दाराकडे येतो. एमआय-८ मध्ये मुख्य वैमानिक डावीकडे बसतो, सहवैमानिक उजवीकडे, आणि दोघांच्या मधे, जरा मागे, फ्लाइट इंजिनिअर. सरकतं दार डाव्या बाजूला, त्याच्यावर विंच. विंच म्हणजे दीडशे किलो पेलणारी तार आणि तिची चरखी. वैमानिकाच्या खिडकीला बाहेर फुगवटा असतो, त्यातून मान काढून तो मागे-खाली थोडं पाहू शकतो. पण ज्या माणसाला वाचवायचं आहे तो बरोबर पोटाखाली आला की वैमानिकाला दिसेनासा होतो. बचावातली सगळी अडचण या एका गोष्टीत आहे. जो उडवतोय त्याला दिसत नाही, ज्याला दिसतंय त्याच्या हातात दांडा नाही. मग दारात पालथा पडलेला एक माणूस इंटरकॉमवर बोलत राहतो: पुढे दोन मीटर, उजवीकडे एक, थांब, स्थिर ठेव. तो बोलायचा थांबला की वैमानिक आंधळा.

शिवाय ज्याच्यावर तार सोडायची त्याच्यावर पात्यांचा वारा कोसळत असतो. घरावरचे पत्रे उडतात, झाडाच्या फांदीला धरून बसलेल्याचा हात सुटू शकतो. हवेत फिरून तारेत वीज साठते, ती आधी पाण्याला किंवा जमिनीला टेकू द्यायची असते. खालच्या माणसाला हे कुठून माहीत असणार? तो झडप घालतो आणि झटका खातो. शिकलेलं चालक दल त्याला आधी हातानेच खुणावून लांब ठेवतं. एखाद्या बचावाची बातमी आपण ‘दहा मिनिटांत’ अशी वाचतो, त्यातली निम्मी मिनिटं या खाणाखुणांत जातात.

आपल्याकडचं या कामाचं सर्वांत गाजलेलं उदाहरण एमआय-१७ चं आहे. ऑक्टोबर १९९२, हिमाचलमधलं परवानू. टिंबर ट्रेल रोपवेची ओढतार तुटली आणि पाळणा दरीवर अधांतरी लटकला. सरसावाच्या १५२ हेलिकॉप्टर युनिटचे ग्रुप कॅप्टन फली होमी मेजर यांनी डोक्यावरच्या तारांना पाती लागणार नाहीत अशा बेताने हेलिकॉप्टर स्थिर ठेवलं आणि मेजर इव्हान क्रास्टो विंचने पाळण्याच्या छतावर उतरले. अंधार पडला तेव्हा काही प्रवासी आत उरले होते. क्रास्टो रात्रभर त्यांच्यासोबत पाळण्यात राहिले, दुसऱ्या दिवशी उरलेले निघाले. क्रास्टोंना कीर्तिचक्र मिळालं, फली मेजर यांना शौर्यचक्र. मेजर २००७ मध्ये हवाई दलप्रमुख झाले, त्या खुर्चीत बसलेले पहिलेच हेलिकॉप्टर वैमानिक. विंच चालवणाऱ्याचं नाव किती जणांना सांगता येईल?

समुद्रावर हेच काम आणखी अवघड. हेलिकॉप्टर एका जागी ठेवायचं तर वैमानिकाला नजर टेकवायला काहीतरी स्थिर लागतं: झाड, कौल, दगड. खवळलेल्या समुद्रात सगळंच हलतं. लाट सरकते आणि वैमानिकाला वाटतं आपणच सरकलो. मुंबईच्या नौदल तळावरून दशकानुदशकं उडालेली चेतक तर एकाच इंजिनाची. मूळ फ्रेंच घडणीचं, हिंदुस्थान एरोनॉटिक्सने साठच्या दशकापासून बनवलेलं, चालकासह सात जणांचं यंत्र. ते इंजिन पाण्यावर बंद पडलं तर वाचवणाराच वाचवण्याच्या यादीत. तरीही मे २०२१ च्या तौक्ते वादळात पालघरच्या किनाऱ्याजवळ अडकलेल्या ‘गाल कन्स्ट्रक्टर’ या बार्जवरचे १३७ जण सुटले त्यात तटरक्षक दलाच्या चेतकचा वाटा होता. म्हाताऱ्या यंत्राला निवृत्ती द्या असं म्हणणारे बरोबर आहेत. पण ते निघाल्यावर त्या जागी काय येणार, हे विचारणारेही बरोबर आहेत.

आणि जेव्हा उडताच येत नाही तेव्हा? २७ जुलै २००५ ला, मुंबई पाण्याखाली असताना, ‘समुद्र सुरक्षा’ हे जहाज बॉम्बे हाय तेलक्षेत्रातल्या फलाटावर आदळलं आणि आगीने फलाट गिळला. ३८४ माणसांपैकी २२ गेली. बाकीच्यांना बाहेर काढण्याचं बहुतेक काम बोटींनी केलं. हवामानाने हेलिकॉप्टरला जवळजवळ बाद केलं होतं. निवृत्तांच्या आठवणींत अशा न झालेल्या उड्डाणांना जागा मिळत नाही, याचं मला वाईट वाटतं. तळावर तयार बसून राहण्याचे तास लॉगबुकात भरत नाहीत.

उलट कार निकोबार. २६ डिसेंबर २००४ ला सुनामीने तळच उद्ध्वस्त केला, हवाई दलाची आणि त्यांच्या कुटुंबांतली शंभरावर माणसं गेली. तिथल्या एमआय-८ च्या चालक दलाने त्याच सकाळी पाण्यात अडकलेल्यांना उचलायला सुरुवात केली. स्वतःच्या घरच्यांचा पत्ता लागलेला नसताना हे काम करावं लागतं तेव्हा ते शौर्यापेक्षा वेगळं काहीतरी असतं. त्याला शब्द शोधायच्या भानगडीत मी पडत नाही.

ब्रिटनमध्ये शाही हवाई दलाच्या पिवळ्या सी किंगनी २०१५ मध्ये बचावकार्य थांबवलं. तिथे तारेवरून खाली जाणारा आणि दारातून त्याला सोडणारा, अशा दोघांच्याही आठवणी आवर्जून नोंदवल्या गेल्या. आपल्याकडे वैमानिकांची आत्मचरित्रं येतात, बहुतेक इंग्रजीत. इंजिनिअर, गनर, विंचवाला, रात्रभर गिअरबॉक्स उघडून बसलेला तंत्रज्ञ, हे हवाई दलाच्या बिगर-अधिकारी फळीतले लोक. मराठी माणसं या फळीतही आहेत. निवृत्तीनंतर ती गावी परततात, शेती बघतात, सोसायटीच्या निवडणुकीत उभी राहतात. गावात त्यांची ओळख ‘एअरफोर्सवाले’ एवढीच.

त्यांच्याकडे रेकॉर्डर घेऊन जाणाऱ्याने युद्धाचं आधी विचारू नये. विंचच्या दांड्याजवळ एक कटर असतो. तार झाडात किंवा तारांत अडकली आणि हेलिकॉप्टर ओढलं जायला लागलं, तर यंत्र आणि आतली माणसं वाचवण्यासाठी ती कापायची सोय, खाली कोणी लटकत असलं तरी. त्या कटरवर कधी हात गेला होता का, आणि तेव्हा खाली कोण होतं, एवढं विचारावं.